पोटातली बुरशी आणि मोबाईलमधला वैद्य

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले. डोक्यावरून हात फिरवला की मूठभर केस हातात! जानेवारी २०२५ मध्ये ही बातमी देशभर गाजली. तेव्हा पहिला संशय कुणावर आला, आठवतंय का मैत्रिणींनो? बुरशीवर. मग पाण्यावर आणि शॅम्पूवर. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि घरातल्या गव्हाचेसुद्धा नमुने तपासून घेतले. १८ गावांतल्या २७९ जणांच्या या त्रासामागे रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम असल्याचं त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलं. म्हणजे बोट गेलं ते थेट पोळीकडे!

हे सगळं आज पुन्हा सांगायचं कारण म्हणजे बुरशीचं नाव परत ऐकू येतंय. या वेळी ती डोक्यात नाही, पोटात आहे. बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगावी फिरते. पूर्वी बायका गॅस झाला, पित्त झालं, जेवण जिरत नाही असं सांगायच्या. आता एखादी म्हणते, "ताई, माह्या पोटात बुरशी झाली म्हन्ते वो तो मोबाईलवाला डॉक्टर." पोट फुगतं, थकवा येतो, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते, अंगाला खाज सुटते... या सगळ्याला एकच नाव, 'कॅन्डिडा'. आणि त्यावर उपाय म्हणून महिन्याभराचं 'डिटॉक्स' पाकीट. सोयाबीन सोंगणीची मजुरी अशा पाकिटात घालायची का, हा प्रश्न आहे.

यातलं खरं किती आणि बाजार किती, ते नीट बघू या.

कॅन्डिडा ही यीस्ट जातीची बुरशी. ती बऱ्याचशा निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात मुळातच थोडीफार असते. तिथले चांगले जिवाणू तिला आवरून धरतात. शेतात पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसंच हे. पीक मेलं की तण माजतं. चांगले जिवाणू मारणारं औषध पोटात गेलं, शरीराची प्रतिकारशक्ती घटली किंवा साखर बेसुमार वाढली की ही बुरशी पसरते.

लहान आतड्यात बुरशी वाढण्याचा विकार खोटा नाही. पोट फुगणं, ढेकर, मळमळ, जुलाब ही त्याची लक्षणं असू शकतात. पण हीच लक्षणं पित्ताची, जंतांची आणि आतड्याच्या इतर दुखण्यांचीही असतात. खात्री करायची तर दुर्बीण घालून लहान आतड्यातला द्रव काढतात आणि तो प्रयोगशाळेत तपासतात. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून बघा, थुंकी तळाशी गेली की बुरशी आहे असं समजा, ही मोबाईलवरची परीक्षा म्हणजे शुद्ध फसवणूक. नुसत्या शौचाच्या तपासणीत कॅन्डिडा दिसली म्हणजे रोग आहे, असंही नाही. ती तर तिथे राहतेच!

थकव्यापासून उदासीपर्यंत सगळ्याचं खापर या बुरशीवर फोडायची कल्पना अमेरिकेत १९८० च्या दशकात पुस्तकांतून पसरली. मग अलाबामा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४२ स्त्रियांवर चाचणी घेतली. काही काळ त्यांना बुरशीवरचं खरं औषध दिलं, काही काळ तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आला. योनिमार्गाचा त्रास औषधाने कमी झाला. पण थकवा, उदासी वगैरे बाबतीत खऱ्या आणि पोकळ गोळीत फरक पडला नाही. (हे औषध, निस्टॅटिन, १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन स्त्री-संशोधकांनी शोधलं होतं, हेही आपल्या पुरवणीत नोंदवायला हवं!)

मग रोजच्या जगण्यात करायचं तरी काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही घरच्या आहेत.

पहिली गोष्ट अँटिबायोटिकची. सर्दी झाली, घसा धरला, पोराला ताप आला की आपण 'मेडिकल'वर जातो आणि "पावरची गोळी द्या" म्हणतो. सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंनी होतं, त्यावर या गोळीचा उपयोग नाही. उलट पोटातलं चांगलं पीक मात्र ती कापून टाकते. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. चिठ्ठीने दिलेला डोस मात्र सांगितला तेवढा पुरा करायचा. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या तापाला द्यायच्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय आराखडा आणला, तो २०२९ पर्यंतचा आहे. दिल्लीचा आराखडा कागदावर राहील की उतरेल, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या औषधाच्या डब्यावरही ठरणार आहे.

दुसरी स्टेरॉइडची. गुडघे दुखतात म्हणून कुणाकडून तरी पुड्या आणायच्या, गजकर्णाला दिसेल ते मलम लावायचं. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चटकन आराम पडतो, पण बुरशीला रान मोकळं होतं. २०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्राने 'काळी बुरशी' पाहिली. ती जात वेगळी होती, पण तिला फावलं ते अनावर साखर आणि स्टेरॉइड यांच्यामुळेच. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी मात्र घाबरून पंप सोडू नये. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, रक्तातल्या साखरेची. अंगावरून पांढरं जाणं, दह्यासारखा स्राव, जागेवर खाज आणि आग हे सगळं बरं होऊन पुन्हापुन्हा होत असेल, तर ती मधुमेहाची पहिली चाहूल असू शकते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींना पत्ताच नसतो. 'डिटॉक्स' पाकिटाचं खरं नुकसान पैशाचं नाही. सहा महिने पाकिटं पिण्यात जातात आणि साखर आत पोखरत राहते. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही जागेवर बुरशी वाढू शकते. तसं झालं तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. लाज वाटत असेल तर सिस्टरांना सांगा, आशाताईंना सांगा; पण सांगा. आणि 'एकाच गोळीत खाज बंद' म्हणून मेडिकलवरून गोळी आणण्याआधी थांबा. गरोदर बाईने तर ती मनाने घेऊच नये. जागा आतून जंतुनाशकाने धुण्यानेही भलं होत नाही, तिथले रक्षक जिवाणूच वाहून जातात.

चौथी गोष्ट ताटातली. साखर तोडली की पोटातली बुरशी उपाशी मरते, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाव, इडली, दही बंद करा, त्यांत 'खमीर' असतं, हेही तसंच. पावाचं यीस्ट निराळं, कॅन्डिडा निराळी. गंमत म्हणजे अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांवर डॉक्टर कधी कधी एक यीस्टच औषध म्हणून देतात! तेव्हा ताटातून काय काढायचं यापेक्षा काय घालायचं हे बघा. चांगल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे चोथा. ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी-उसळी, अंबाडी, मेथी, शेवग्याचा पाला यांत तो भरपूर असतो. आपल्या भागात शिवारात सोयाबीन वाढलं, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारी ताटातून मागे सरली. ती आठवड्यातून चार दिवस तरी परत आणता येईल. सोबत घरचं ताजं ताक असावं. ते बुरशीवरचं औषध नव्हे, पण रोजचं चांगलं अन्न आहे. शेगावला गेल्यावर कचोरी खाऊ नका असं मी म्हणणार नाही; पण रोजच्या चहाबरोबर टोस्ट-खारी आणि चहात तीन चमचे साखर, यावर मात्र लगाम हवा. जेवणानंतर शतपावली, वेळेवर झोप, शेतात जाताना पाण्याची बाटली. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी रोज बघते. तो प्रश्न बायकांच्या सवयीचा कमी आणि ग्रामपंचायतीचा जास्त आहे.

इथेच मला थोडं स्पष्ट बोलायचंय. बाई मोबाईलमधल्या वैद्याकडे वळते, कारण तो तिचं ऐकतो असं तिला वाटतं. घरात "तुझं रोजचंच आहे" म्हणून उडवून लावतात, दवाखान्यात गर्दीत पुरुषांसमोर 'तिथली' खाज सांगायची कशी? सासू म्हणते, आम्हालाही होतं, आम्ही नाही बोंबललो. मग बाई ते दुखणं सालोसाल अंगावर काढते. शेगावच्या गावांत टक्कल दिसत होतं म्हणून सरकार धावलं, पथकं आली, कॅमेरे आले. बाईच्या पोटातलं आणि पदराआडचं दुखणं दिसत नाही, म्हणून त्याला पथक येत नाही. पथक येत नाही तिथे बाजार येतो.

तेव्हा एक करू या. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईची रक्तदाब आणि साखरेची तपासणी गावच्या उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात मोफत व्हायला हवी, तशी सरकारचीच योजना आहे. आशाताई त्यासाठी घरोघर अर्जही भरून घेतात. प्रत्येक बचत गटाने पुढच्या बैठकीत विचारावं, किती जणींची तपासणी झाली? राहिलेल्या सगळ्या जणींनी एकाच दिवशी मिळून जावं, म्हणजे कुणा एकीला संकोच नको. पोट महिनाभर बरं नसेल, वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर घरगुती उपायात दिवस न घालवता खामगावचं किंवा बुलडाण्याचं सरकारी रुग्णालय गाठावं.

शेगावच्या केसगळतीत बुरशीवर आळ आला, आणि शोध थांबला तो गव्हाच्या नमुन्यापाशी. नमुना तपासल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, एवढं तरी त्या गावांनी आपल्याला शिकवलंय. आपल्या पोटाच्या बाबतीतही तेच लागू करू या.