जिभेचा ताळेबंद



आमच्या थोरल्या बंधूंची निलंग्याच्या मोंढ्यात अडत होती. काही वर्षांपूर्वी पर्युषणात, उपवासाच्या दिवशी संध्याकाळी, तुरीची पट्टी वाचताना त्यांचा शब्द अडखळला. "उपवासाने जीभ जड झाली असेल, पारण्यानंतर ठीक होईल," असे मीच म्हणालो. पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना. पुढे ते चालू लागले. वाणी मात्र पूर्ववत झाली नाही.

तेव्हापासून जिभेविषयी काही दिसले की मी वाचतो. चिनी वैद्यकात जिभेचा रंग, आकार व तिच्यावरील थर पाहून रोगाची परीक्षा करतात. पक्षाघाताची तीव्रता आणि जिभेची लक्षणे यांचा मेळ तेथील अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. आपल्याकडेही हे नवे नाही. 'योगरत्नाकर' या ग्रंथातील अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल यांच्या पाठोपाठ जिव्हा येते. वाताने ती रूक्ष व भेगाळलेली, पित्ताने लालसर, कफाने पांढरी व चिकट होते, असे तेथे सांगितले आहे.

परंतु बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य गेल्याने एक शंका येते. अवघड पक्षाघातात रुग्णाला गिळता येत नाही, श्वास तोंडाने चालतो, मुखाची स्वच्छता राहत नाही. मग जीभ कोरडी पडणार, तिच्यावर थर साचणारच. म्हणजे हा थर बहुधा झालेल्या तोट्याची नोंद आहे, येणाऱ्या तोट्याची सूचना नव्हे. आधुनिक रुग्णालयांत तीव्रता मोजण्यासाठी 0 ते 42 गुणांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यात नजर, चेहरा, हातपाय, संवेदना, भाषा व उच्चार तपासले जातात. जिभेचा रंग नाही.

जीभ बाहेर काढल्यावर काही रुग्णांत ती दुबळ्या बाजूकडे वळते. ती सरळ राहिली म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये. घरच्यांनी पाहायचे ते सोपे आहे : हसताना तोंड वाकडे होते का, दोन्ही हात उचलून धरता येतात का, साधे वाक्य स्पष्ट बोलता येते का. यांतील एकही अचानक बिघडले, तर वेळ लिहून ठेवावी व 108 क्रमांक फिरवावा. तोंडात पाणी, मध वा गोळी काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. निलंग्याहून लातूर गाठण्यातच यातील बराच वेळ जातो. मुदत टळलेला धनादेश कितीही मोठ्या रकमेचा असला तरी वटत नाही. आमचा धनादेश मी रात्रभर उशाशी ठेवून झोपलो.

आपल्या बाह्य तपांत रसपरित्याग सांगितला आहे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ रक्तदाब वाढवते आणि उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे प्रमुख कारण आहे. पर्युषणात जिंकलेली जीभ उरलेले वर्षभरही थोडी आवरावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उपवासात त्या कशा घ्याव्यात हे डॉक्टरांना आधीच विचारावे. तपात खंड पडेल या भीतीने गोळी गुपचूप बंद करणाऱ्या वडीलधाऱ्यांना घरच्यांनी प्रेमाने समजवावे.

संवत्सरीला बंधू हात जोडत. शब्द उमटत नसे. क्षमा खरे तर मी मागायची होती.