रुची पदपथाची, भांडवल साखळीचे

१९९६ हे वर्ष भारतीय खाद्यव्यवसायाच्या दृष्टीने दोन कारणांनी लक्षणीय ठरते. त्या वर्षी मॅक्डोनाल्ड्सची पहिली उपाहारगृहे दिल्ली व मुंबईत उघडली. त्याच वर्षी तत्कालीन कलकत्त्यात ‘ऑपरेशन सनशाइन’ या मोहिमेखाली पदपथांवरील फेरीवाल्यांना हटविण्यात आले. परदेशी बर्गरपुढे देशी खाद्यपदार्थ टिकतील का, अशी चिंता तेव्हा व्यक्त होत असे. ती चिंता अनाठायी ठरली, आणि त्याचे उत्तम उदाहरण कोलकात्यातच घडले.

२००३ साली तेथे काही मित्रांनी ‘भोजोहरी मान्ना’ हे उपाहारगृह सुरू केले. मराठी रसिकांनाही परिचित असलेल्या मन्ना डे यांच्या एका लोकप्रिय बंगाली गीतातील स्वयंपाक्याचे हे नाव. शुक्तो, मोचार घोंटो, कोशा मांगशो हे घरच्या ताटातले पदार्थ विकत घेऊन कोण खाईल, हा प्रश्न साहजिक होता. परंतु घरी रांधण्यास वेळ उरला नाही, तेव्हा नेमके हेच पदार्थ हवेसे वाटू लागले आणि एका उपाहारगृहाची साखळी झाली. पुढे २००८ मध्ये सागर दर्यानी व बिनोद होमागाई या महाविद्यालयीन मित्रांनी अवघ्या ३० हजार रुपयांच्या भांडवलावर ‘वॉव! मोमो’ सुरू केले. आज देशातील अनेक शहरांत त्यांची शेकडो विक्रीकेंद्रे आहेत. महाराष्ट्रात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर जन्मलेल्या वडापावाला ‘जम्बोकिंग’ने २००१ पासून अशीच नाममुद्रा मिळवून दिली.

या यशाचे मर्म पाककौशल्याइतकेच व्यवस्थेत आहे. मध्यवर्ती स्वयंपाकघर, मोजून-मापून ठरविलेले प्रमाण, स्वच्छतेची हमी आणि नेटके हिशेब यांमुळे चव सर्वत्र सारखी राहते व गुंतवणूकदाराचा विश्वासही बसतो. अशा उद्योगांचे स्वागतच व्हावयास हवे.

तथापि, एक बाब नजरेआड होता कामा नये. कोलकात्याला मोमोची गोडी लावली ती कोणा कंपनीने नव्हे, तर वाफाळती भांडी घेऊन पदपथावर उभ्या राहिलेल्या अनामिक विक्रेत्यांनी. बाजारपेठ त्यांनी घडविली. तिचा लाभ मात्र ज्याच्यापाशी जागेचा करारनामा आणि हिशेबाची वही होती, त्याच्या पदरी अधिक पडला. कौशल्य दोघांपाशी होते, कागद एकापाशीच होता. ज्याच्यापाशी कागद नाही, त्याच्या वाट्याला खासगी सावकार आणि रोजचे व्याज येते.

ही दरी बुजविण्याचे साधन आता उपलब्ध आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्री प्रमाणपत्राची तरतूद केली. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत १० हजार रुपयांपर्यंत विनातारण खेळते भांडवल मिळू लागले. २०२५ मध्ये पहिल्या टप्प्याची ही मर्यादा १५ हजारांवर नेण्यात आली. वेळेवर परतफेड करणाऱ्यास तिसऱ्या टप्प्यात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. एका मोठ्या साखळीचा आरंभ ३० हजारांतून झाला, हे स्मरले म्हणजे या रकमेला क्षुल्लक म्हणवणार नाही.

अर्थात, केवळ कर्जाने प्रश्न सुटत नाही. आज येथे, उद्या हटविले, अशी अवस्था असेल तर घेतलेले भांडवल गाडीसह जप्त होण्याची भीती राहते. म्हणून नगरपालिकांनी प्रमाणपत्रांचे काम तातडीने मार्गी लावणे हीच खरी पतहमी होय. विक्रेत्यांनीही रोजची विक्री खात्यात जमा करण्याची सवय जोपासावी. बँकेच्या लेखी तीच त्यांची ओळख असते.

साखळ्या वाढोत, दूरदूरच्या शहरांत शुक्तो आणि वडापाव पोहोचोत. मात्र उद्याचा नवा पदार्थ पुन्हा एखाद्या गाडीवरच जन्माला येणार आहे. ती गाडी जागेवर राहिली पाहिजे, आणि तिच्या मालकाला बँकेचा दरवाजा अनोळखी वाटता कामा नये.