प्लगइनांचा लवाजमा

१९७६ च्या सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादक रचला, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून येणारी अक्षरे इतक्या मंदगतीने पडद्यावर उमटत की, प्रत्येक आज्ञा एकदोन अक्षरांतच आटोपणे ही चैन नव्हे, निकड होती. आणि त्या निकडीतूनच ‘डीडब्ल्यू’ने शब्द गळावा, ‘डीडी’ने ओळ गळावी, असे अत्यंत मितभाषी व्याकरण सिद्ध झाले. १९९१ साली ब्राम मोलेनार यांच्या ‘व्हिम’ने हा वारसा स्वीकारला व पुढे प्लगइनांना, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या जोड-आज्ञावलींना, दार मोकळे केले. त्यांपैकी टिम पोप यांचे ‘सराउंड’ मला आदर्श वाटते, कारण अवतरणचिन्हे वा कंस बदलण्याची नवी क्रिया ते त्याच जुन्या व्याकरणात, जणू मूळचीच असावी अशी, बसवते. व्हिमबाहेर, टर्मिनलमधील जुन्या आज्ञांच्या दप्तरातून अर्धवट आठवणाऱ्या तुकड्यांवरून नेमकी आज्ञा हुडकून देणारे ‘एफझेडएफ’ही तितकेच उपकारक. परंतु संस्थानिकाने हुजऱ्यांचा लवाजमा बाळगावा तशी डझनावारी प्लगइने पदरी ठेवून, वर संपादक उघडण्यास विलंब लागतो अशी तक्रार करणारे गृहस्थ पाहिले की नवल वाटते. त्या विलंबाचा तपशीलवार हिशेब व्हिमचा ‘स्टार्टअपटाइम’ हा पर्याय बिनबोभाट देतो, तो पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. (तिऱ्हाइताने लिहिलेली प्लगइनची आज्ञावली आपल्याच अधिकारानिशी आपल्या फायलींवर चालते, हे तर बहुधा खिजगणतीतही नसते.) माझ्या मते नवशिक्याने प्रथम मूळ आज्ञाच गिरवाव्यात, आणि एखाद्या कामाचा खरोखर जाच होऊ लागला तरच त्या कामापुरते एक प्लगइन दाखल करून घ्यावे.