तरणें आणि तारणें

आमच्या घरच्या पंक्तीला जेवणापेक्षां वादाचीच चव अधिक असते, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. मागें एका रात्रीं आमचे धाकटे चिरंजीव व त्यांचा पुतण्या यांच्यांत फुटबॉलवरून असाच वाद जुंपला. विषय होता इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराचा एव्हर्टन हा जुना क्लब व त्याचे एके काळचे मॅनेजर शॉन डाइच. "वीस संघांत पंधरावा क्रमांक, यांत कौतुक तें काय?" असें चिरंजीवांचें म्हणणें. "काका, आठ गुण कापले असतांना पंधरावा!" असें पुतण्याचें उत्तर. ताटें उचललीं तरी निकाल लागेना, तेव्हां सर्वांची दृष्टि आमच्याकडे वळली. आम्हीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. चेंडूला पाय लावल्याचें मात्र आम्हांस स्मरत नाहीं. तथापि गुण देण्याचा प्रश्न निघाला म्हणजे आमच्यानें स्वस्थ बसवत नाहीं. चार दिवसांची मुदत मागून घेऊन आम्ही आंकडे घेऊन बसलों.

ज्या वाचकांस या खेळाची रीत परिचित नसेल त्यांच्यासाठीं थोडेंसें सांगतों. इंग्लंडांतील सर्वोच्च श्रेणीस प्रीमियर लीग म्हणतात. तींत २० संघ. प्रत्येकानें वर्षांत ३८ सामने खेळावयाचे. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. वर्षाअखेर तळाच्या तिघांस खालच्या श्रेणींत उतरावें लागतें. आपल्या शाळेंत नापास झालेला मुलगा निदान त्याच वर्गांत राहतो. येथें त्यास खालच्या वर्गांत नेऊन बसवितात, आणि दूरचित्रवाणीचें उत्पन्न आटल्यामुळें त्याच्या पुस्तकांचे पैसेही जातात. मॅनेजर म्हणजे कचेरींतील कारकुनांवरचा अधिकारी नव्हे. संघ निवडणें, त्यास शिकविणें, डाव आंखणें हें सर्व त्यानें करावयाचें. आणि संघ हरला कीं प्रथम त्याचीच गच्छंति.

एव्हर्टन हा कांहीं कालपरवांचा क्लब नव्हे. १८८८ सालीं इंग्लंडांत फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हांच्या मूळच्या बारा क्लबांपैकीं तो एक. नऊ वेळां त्यानें विजेतेपद मिळविलें, त्यांतील शेवटचें १९८७ सालीं. १९५४ सालीं वरच्या श्रेणींत परत आल्यापासून तो खालीं गेलेला नाहीं. या घराण्याची उतरती कळा पैशाच्या अविचारांतून आली. २०१६ सालीं फरहाद मोशिरी या धनिकानें क्लबांत प्रवेश केला व खेळाडूंवर मुक्तहस्तानें खर्च केला. त्याच वर्षीं मार्टिनेझ यांस निरोप मिळाला. मग कूमन, अलार्डाइस, सिल्वा, अँचेलॉटी, बेनिटेझ, लँपर्ड अशी मॅनेजरांची रांग लागली. प्रत्येकानें आपल्या पसंतीचे खेळाडू आणविले आणि जातांना ते मागें ठेवले. प्रत्येक नव्या सुनेनें माहेरचीं भांडीं आणून माजघर भरावें आणि कणीक मळावयास परात मात्र सांपडूं नये, तशी स्थिति झाली. त्यांतच मर्सी नदीच्या कांठीं ब्रॅम्ली-मूर गोदींत नव्या मैदानाचें अवाढव्य काम काढलेलें. २०२२ सालीं युक्रेनवर आक्रमण झाल्यावर उस्मानॉव्ह या रशियन धनिकाच्या कंपन्यांशीं असलेले जाहिरातींचे करार थांबवावे लागले, व हातीं येणारा पैसाही आटला.

त्या वर्षींच्या मे महिन्यांत लँपर्ड यांनीं क्लबास कसेंबसें तारलें होतें. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोलांनीं मागें असतां सामना ३-२ असा फिरविला. लोक मैदानांत उतरून नाचले. आठच महिन्यांनीं त्याच लँपर्ड यांस घरीं जावें लागलें. एकदां तारलें म्हणजे पुढेंही तरूं, हा भरंवसा या धंद्यांत कोणीं धरूं नये.

डाइच ३० जानेवारी २०२३ रोजीं नेमले गेले. पदरांत २० सामन्यांचे १५ गुण, क्रमांक एकोणिसावा. त्याच महिन्यांत एका सामन्याच्या वेळीं जिवास धोका असल्याच्या कारणावरून संचालकांनीं आपल्याच मैदानावर येण्याचें टाळलें होतें. गॉर्डन हा उमदा तरुण खेळाडू न्यूकॅसलला विकला गेला होता आणि त्या महिन्यांत बदली एकही नवा खेळाडू आला नाहीं. या अवस्थेंत पहिलाच सामना आर्सेनलशीं, म्हणजे त्या वेळीं अग्रस्थानीं असलेल्या संघाशीं. मॅक्नील यांनीं कोपऱ्यावरून चेंडू उचलून दिला, टार्कोव्स्की यांनीं तो डोक्यानें जाळ्यांत घातला, आणि एव्हर्टन १-० नें जिंकलें. हे दोघेही पूर्वीं बर्न्ली क्लबांत डाइच यांच्याच हाताखालीं खेळलेले. डाइच यांची विद्या तेथींचीच: आधीं स्वतःचें दार लावून घ्यावें, खूप धांवावें, आणि कोपऱ्यावरच्या चेंडूसारखी जी आयती संधि मिळेल तिचें सोनें करावें. या विद्येंत लालित्य नाहीं, हें आम्हांसारख्या अडाण्यासही चित्रफिती पाहून कळलें.

शेवटचा दिवस उजाडला तो २८ मे २०२३. एव्हर्टनचे गुण ३३, लेस्टर व लीड्स यांचे प्रत्येकीं ३१. दुसरीकडे लेस्टर जिंकलें व ३४ वर पोंचलें. म्हणजे एव्हर्टननें नुसती बरोबरी केली असती तर गुण सारखे होऊन गोलांच्या हिशेबांत तें बुडालें असतें. बोर्नमथविरुद्ध ५७ व्या मिनिटास डूकूरे यांनीं दूरवरून मारलेल्या गोलानें एव्हर्टन वांचलें. हे डूकूरे आधींच्या मॅनेजराच्या अखेरच्या दिवसांत बाजूस पडलेले. डाइच यांनीं त्यांस पुनः उभें केलें. सामना संपल्यावर डाइच यांनीं उत्सव केला नाहीं. हा आनंदाचा दिवस नव्हे, अशाच आशयाचें ते बोलले. आम्हांस हें वृत्त वाचून त्यांच्याविषयीं प्रथम आदर वाटला.

आतां गुणांकडे वळूं. १८ सामन्यांत त्यांनीं २१ गुण मिळविले. आधींच्या २० सामन्यांत १५ आले होते. सुधारणा आहे, परंतु डोळे दिपवणारी नाहीं. शिवाय ३६ गुणांवर तरणें यांत दुसऱ्यांच्या दुर्बलतेचाही वांटा आहे. लांकडांतला किडा लांकूड पोखरतां पोखरतां चुकून एखादें अक्षर कोरून जातो, त्यास घुणाक्षरन्याय म्हणतात. त्या एका वर्षावरून आम्हांस निकाल द्यावयाचा असता तर आम्हीं "काठावर उत्तीर्ण" एवढाच शेरा लिहिला असता.

पण खरी परीक्षा पुढच्या वर्षीं झाली. २०२३ च्या सप्टेंबरांत मोशिरी यांनीं क्लब ७७७ पार्टनर्स नांवाच्या अमेरिकन कंपनीस विकण्याचा करार केला. तो व्यवहार महिनोन् महिने लोंबकळला आणि जून २०२४ च्या आरंभीं मोडला. ऑक्टोबरांत क्लबाचे जुने अध्यक्ष बिल केनराइट वारले. आणि १७ नोव्हेंबर रोजीं, मान्य मर्यादेपेक्षां १ कोटी ९५ लक्ष पौंड अधिक तोटा केल्याबद्दल, एका स्वतंत्र आयोगानें एव्हर्टनचे दहा गुण कापले. सकाळीं १४ गुणांवर चौदावा असलेला संघ सायंकाळीं ४ गुणांवर एकोणिसावा झाला. ज्या वर्षांचा हा हिशेब, त्या वर्षीं डाइच एव्हर्टनमध्यें नव्हतेच. बापाच्या कर्जापायीं मुलाच्या दारावर जप्ती यावी तसें हें झालें.

पुढचा पहिला सामना मँचेस्टर युनायटेडशीं, व तो ०-३ असा गेला. येथें एखादा संघ हातपाय गाळून बसला असता. त्यानंतर २ ते १६ डिसेंबर या पंधरवड्यांत एव्हर्टननें नॉटिंगहॅम फॉरेस्ट, न्यूकॅसल, चेल्सी व बर्न्ली या चौघांस ओळीनें हरविलें; आठ गोल केले, स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं. दहा गेले होते, बारा मिळविले. पुतण्याचा सगळा युक्तिवाद या पंधरवड्यावर उभा आहे, आणि तो दुबळा नाहीं.

चिरंजीव मात्र त्यापुढचें पान उलटून दाखवितात. डिसेंबराच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत लीगचे तेरा सामने एकही विजय नाहीं. मध्यंतरीं फेब्रुवारींत अपिलांत दहाचे सहा गुण झाले. एप्रिलांत दुसऱ्या हिशेबाबद्दल आणखी दोन कापले गेले. १५ एप्रिल रोजीं चेल्सीनें ०-६ अशी धूळ चारली. आणि मग पुनः सात दिवसांत, २१, २४ व २७ एप्रिलला, गुडिसन पार्क या १८९२ पासूनच्या आपल्या घरच्या मैदानावर त्यांनीं फॉरेस्ट, लिव्हरपूल व ब्रेंटफर्ड या तिघांस नमविलें. शेजारच्या लिव्हरपूलला घरच्या मैदानावर हरवून तेव्हां तेरा वर्षें लोटलीं होतीं. शेवटच्या विजयानें क्लब सुरक्षित झाला, वर्ष संपावयास तीन सामने बाकी असतां.

तक्त्यांत ४० गुण व पंधरावा क्रमांक छापला आहे. मैदानावर मिळविलेले गुण ४८; ते छापले असते तर क्रमांक बारावा आला असता. गोल रोखण्यांत तर आर्सेनल, मँचेस्टर सिटी व लिव्हरपूल या तीनच संघांनीं एव्हर्टनहून कमी गोल घेतले. त्या वर्षीं बुडणाऱ्यांत वरचा होता ल्यूटन, २६ गुणांवर. म्हणजे अपील फेटाळलें जाऊन सारे बारा गुण गेले असते, तरी ३६ उरून एव्हर्टन तरलेंच असतें. यावर चिरंजीव म्हणतात, "मग धोका होताच कोठें?" त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, हें मे महिन्यांत कळलें. नोव्हेंबरांत चार गुण हातांत घेऊन खेळाडूंसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तें ठाऊक नव्हतें. आणखी किती कापले जातील हेंही ठाऊक नव्हतें, आणि पुढच्या महिन्यांत क्लबाचा धनी कोण असेल हेंही नाहीं. या एका वर्षाबद्दल आम्ही डाइच यांस निःशंक पहिला वर्ग देतों.

तिसऱ्या वर्षाबद्दल तसें म्हणतां येत नाहीं. २०२४ च्या ऑगस्टांत बोर्नमथविरुद्ध ८७ व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी असतां सामना २-३ नें गमावला. पहिले चारही सामने हरले. अर्धें वर्ष संपलें तेव्हां १९ सामन्यांत विजय तीन, गोल पंधरा, गुण सतरा. १९ डिसेंबर रोजीं फ्रीडकिन समूहानें क्लब विकत घेतला आणि ९ जानेवारी २०२५ रोजीं, पीटरबरोविरुद्धच्या चषक-सामन्यास कांहीं तास उरले असतां, डाइच यांस बडतर्फ केलें. निर्णय चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण नैवेद्याच्या वेळीं आचाऱ्याला हांकलण्याची ही तऱ्हा आम्हांस रुचली नाहीं.

त्यांच्या जागीं आले डेव्हिड मॉइज. २००२ पासून अकरा वर्षें ते या क्लबांत होतेच. उरलेल्या १९ सामन्यांत त्यांनीं ३१ गुण मिळविले, २७ गोल करविले. आणि खेळाडू बहुतेक तेच होते. वर्षाचे एकूण गुण झाले ४८, म्हणजे डाइच यांनीं आदल्या वर्षीं मैदानावर मिळविले होते तेवढेच! या आंकड्यापुढें पुतण्याही क्षणभर गप्प झाला. मॉइज यांस स्थिर मालक लाभला, डोक्यावर गुणकपातीची टांगती तरवार नव्हती, हें खरें. तरी आमचें मत असें झालें कीं, डाइच यांनीं ज्वरांत लंघन दिलें तें योग्यच होतें. त्यानें रोगी वांचला. पण ज्वर उतरल्यावर पेज, मग मऊ भात, मग पोळी असा क्रम लागतो. ते लंघनच चालवीत राहिले, आणि रोग्याच्या अंगांत गोल करण्याइतकी शक्ति उरली नाहीं.

हा निकाल आम्हीं पांचव्या दिवशीं पंक्तींत वाचून दाखविला. चिरंजीवांनीं तिसऱ्या वर्षाच्या शेऱ्यावर समाधान मानलें व आणखी भात वाढून घेतला. नातवानें मात्र एक प्रश्न टाकला. ज्या जादा तोट्याबद्दल दहाचे सहा गुण झाले, त्याचा हिशेब २०२१-२२ च्या अखेरीपर्यंतचा. त्या वर्षीं एव्हर्टन ३९ गुणांवर तरलें. सहा गुण त्याच वर्षीं कापले गेले असते तर उरले असते ३३. आणि ३५ गुणांवरचा संघ, जो प्रत्यक्षांत बुडाला, तो तरला असता. तो संघ बर्न्ली. त्याच बर्न्लीनें एप्रिल २०२२ मध्यें, संघ बुडतो आहे म्हणून, सुमारें साडेनऊ वर्षांची नोकरी झालेल्या मॅनेजरास काढून टाकलें होतें. ते मॅनेजर शॉन डाइच.

"आजोबा, त्या वर्षीं त्यांना किती गुण द्याल?" असें त्यानें विचारलें. आम्हीं चष्मा काढून पुसला आणि ताक मागितलें.