नदीचे मूळ विचारलेच पाहिजे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषीच्या कुळाचा प्रश्न आम्ही आज बाजूस ठेवतो. नदीच्या मुळाची चौकशी मात्र आता केलीच पाहिजे, असे जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा विचार करताना आम्हांस वाटते. तसे वाटण्यास निमित्तही आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या साली झाली नाही. पुढे १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा देशाच्या बहुतेक भागाकरिता तिचा संदर्भदिन ठरविण्यात आला. माणसे मोजावयाची म्हणजे ती आज कोठे आहेत एवढेच टिपावयाचे, की ती तेथे का आली हेही विचारावयाचे, या प्रश्नाचे उत्तर या दोन तालुक्यांइतक्या निकडीने फार थोड्या ठिकाणी हवे असेल.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर गेले म्हणजे मीना नदीच्या काठी नारायणगाव लागते. हे गाव आता नावापुरतेच गाव राहिले आहे. शेजारच्या वारूळवाडीसह त्याची वस्ती एखाद्या सुखवस्तू उपनगराच्या अंगाने वाढली. कारभार तेवढा ग्रामपंचायतींचा राहिला. येथील द्राक्षे परदेशी जातात आणि येथील टोमॅटोच्या बाजारभावाकडे दूरदूरचे व्यापारी डोळे लावून बसतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड येथे राहुट्या ठोकतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी तर या गावाचे नाव आपल्या नावात घेऊन ते महाराष्ट्रभर नेले. जवळच आर्वी येथे १९७१ पासून उपग्रह-संदेशवहनाचे केंद्र उभे राहिले, आणि खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण साकार झाली. एका लहानशा नदीकाठाने शेती, कला आणि विज्ञान ही तिन्ही अंगे अशी एकत्र सांभाळावीत, ही गोष्ट खचितच अभिमानाची आहे.

परंतु नदीकाठची श्रीमंती ही मुक्कामाला आलेल्या पाहुणीसारखी असते, याची साक्ष याच तालुक्याचा इतिहास देतो. नारायणगावच्या कितीतरी आधी ती कुकडीकाठच्या जुन्नरला उतरली होती. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांतून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. त्या घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात जमा होई, असे लोक सांगतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी कोरली गेली. त्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत यवनही आहेत, कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणीही आहेत. पुढे १४९० साली मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना केली ती जुन्नरात. पण चारच वर्षांत त्याने अहमदनगर वसविले आणि राजधानीचा मान जुन्नरकडून निघून गेला. शिवनेरीवर १६३० साली शिवरायांचा जन्म झाला आणि १६५७ साली त्यांनीच मोगलांचे जुन्नर लुटले, यावरून त्या वेळीही ते शहर लुटण्याजोगे संपन्न होते हे उघड आहे. पुढे पेशवाईत राज्याचा कारभार पुण्यात स्थिरावला आणि जुन्नर मागे पडले.

आकडे हीच कथा अधिक रोखठोकपणे सांगतात. १९०१ च्या शिरगणतीत जुन्नर शहराची लोकसंख्या ९,६७५ होती. २०११ साली ती २५,३१५ भरली. म्हणजे ११० वर्षांत देशाची लोकसंख्या पाचपट झाली असता या प्राचीन नगराची वाढ अडीच पटींच्या थोडी पुढे जाऊन थांबली. घाटाची वाट मोडली तेव्हा जुन्नरचे भाग्य बसले. मोटाररस्ता आणि कालव्याचे पाणी आले तेव्हा नारायणगावचे उजाडले. कोणत्याही नदीकाठच्या संपत्तीचे खरे उगमस्थान त्या काठावर क्वचितच असते. ते वरच्या खोऱ्यात, घाटमाथ्यावर, दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगणात असते.

नारायणगावच्या सुबत्तेचे उगमस्थान कोठे आहे? ते पश्चिमेकडील नेरांत आहे. कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर ही सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या खोऱ्यांची जुनी नावे. याच खोऱ्यांत येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली. त्यांतील वडजचे धरण मीना नदीवर, नारायणगावच्या वरच्या अंगास आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाचा डावा कालवा येडगावास पाणी पोचवितो, आणि तेथून पुढे ते पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा या अवर्षणी मुलखांपर्यंत जाते. पाण्याने तहानलेल्याकडे जावे हे योग्यच आहे. परंतु जेथून ते निघाले तेथे काय उरले?

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते. आम्ही शाळामास्तर असताना एकदा वर्गात जिल्ह्याचा नकाशा टांगून प्रत्येक तालुक्याचे मुख्य गाव दाखविण्यास मुलांना सांगितले. आंबेगाव तालुक्यापाशी एका मुलाचे बोट घोडेगाववर टेकले आणि तो म्हणाला, "गुरुजी, हे तर घोडेगाव. मग आंबेगाव कुठे आहे?" आम्ही त्याचे बोट धरून ते पश्चिमेस सरकविले आणि धरणाच्या निळ्या रंगावर ठेविले. त्यावर त्याने जो पुढचा प्रश्न विचारला तो आमच्या अजून कानांत आहे: "मग तिथली माणसं आता कुठल्या गावची?" त्याचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते, आणि आज ते सरकारी कागदांतही धड मिळत नाही.

ज्या गावाच्या नावाने २,३५,९७२ माणसांचा (२०११) हा तालुका ओळखला जातो ते गाव डिंभे जलाशयाच्या तळाशी आहे. घोडनेरातील इतर वाड्यावस्त्यांचीही तीच गत झाली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात आणि पहिल्या पावसात पुन्हा बुडतात. या खोऱ्यातील बहुसंख्य लोक महादेव कोळी समाजाचे आहेत. जमीन गेली तेव्हा काहीजण खाली सखल प्रदेशात गेले, काही जलाशयाच्या काठाने वर सरकले. वर सरकलेल्यांनी उतारावर पडकईची पद्धत जपून, एकमेकांच्या श्रमाने बांध घालून भातखाचरे केली. पाणी ओसरले की गाळपेर जमिनीवर पीक घेतले. जलाशयात मासेमारी करण्यासाठी सहकारी संस्था उभारली. म्हणजे हात पसरून बसणारी ही माणसे नव्हेत. त्यांच्याच खोऱ्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली, तेव्हा महाराष्ट्राचे लक्ष काही आठवडे तिकडे वळले. नंतर ते पुन्हा कालव्याच्या आवर्तनाकडे लागले.

या जलाशयास हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीखाली मुंबईत प्राण देणारा हा तरुण आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेला. गाव सोडून गेलेल्या एका मजुराचे नाव त्या पाण्याला आहे आणि त्या पाण्यामुळे गाव सुटलेल्यांची नावे मात्र कोणत्याही पाटीवर नाहीत, हा विरोधाभास कोणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही.

आता जनगणनेकडे वळू. २०११ साली प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि जो मनुष्य या संपूर्ण काळात घरापासून दूर असेल त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करावयाची, असा नियम होता. वरवर पाहता नियम निर्दोष आहे. पण फेब्रुवारी म्हणजे घाटाखालच्या भातखाचरांत काहीच काम नसण्याचा आणि नारायणगावच्या द्राक्षबागांत हात कमी पडण्याचा महिना. पश्चिम पट्ट्यातील स्त्रीपुरुष मुलाबाळांसह या दिवसांत कामासाठी खाली उतरतात. तेव्हा त्यांची गणती एकतर बागाईत पट्ट्यात होते, आणि त्या गणतीवर त्यांच्या मूळ वाडीची शाळा, दवाखाना व पाणीयोजना यांचा हिशेब चुकतो. अथवा पालातील कुटुंबांकडे प्रगणक फिरकतच नाही आणि ती कोठेच मोजली जात नाहीत. ज्यांची मजुरी द्राक्षांच्या पेटीत बसते त्यांची माणूस म्हणून नोंद मात्र हवेत राहते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. माणसाने गाव का सोडले, याची कारणे २००१ व २०११ च्या गणनेत नमूद होती. काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबाबरोबरचे स्थलांतर, आणि शेवटी 'इतर'. ज्याचे घर सरकारने धरणासाठी घेतले तो या यादीत कोठे बसतो? तो 'इतर' मध्ये बसतो! राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ साली कायदा केला, १९८६ साली दुसरा केला, १९९९ साली तिसरा केला. तीन कायदे करण्याइतका जो प्रश्न मोठा, त्यास प्रश्नावलीत एका शब्दाचीही जागा मिळू नये, यास आम्ही अनास्था म्हणतो. जे मोजले जात नाही त्याची तरतूदही होत नाही, हा राज्यकारभाराचा साधा नियम आहे.

यावर कोणी म्हणेल की तुम्हांस नारायणगावची भरभराट खुपते काय? मुळीच नाही. येथील बागाईतदाराने कर्ज काढून, गारपीट सोसून, भाव पडला तर माल रस्त्यावर ओतून देण्याचे दुःख गिळून ही संपत्ती निर्माण केली आहे. पाच धरणांनी लाखो एकरांची तहान भागविली, हेही आम्ही विसरत नाही. धरणे झाली नसती तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या व्यवहारात एकाची जमीन जाऊन दुसऱ्याची भिजते, त्या व्यवहाराची खातेवही दोन्ही बाजूंनी लिहिली गेली पाहिजे. जमेची बाजू दर हंगामात ठळक अक्षरांत लिहावयाची आणि खर्चाचे पान कोरेच ठेवावयाचे, ही पद्धत कोणत्याही सचोटीच्या पेढीवर खपणार नाही.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रकल्पामुळे झालेले विस्थापन हे गाव सोडण्याचे स्वतंत्र कारण म्हणून जनगणनेने नोंदवावे. ते देशभर जमत नसेल तर निदान महाराष्ट्राने आपल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांची आणि त्यांच्या पुढच्या पिढीची वेगळी गणती करावी. दुसरी, बागाईत पट्ट्यातील मजुरांच्या पालांवर व अड्ड्यांवर प्रगणकांनी मुद्दाम जावे, आणि त्या मजुरांच्या मूळ वाडीची नोंद जिल्हा प्रशासनाने वेगळी ठेवावी, म्हणजे वाडीच्या शाळेचा व पाण्याचा हिशेब चुकणार नाही. तिसरी, धरणाच्या वरच्या बाजूची गावे चैत्र-वैशाखात हंड्यासाठी वणवण करतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी पूर्वेस जाते. कालव्याचे आवर्तन ठरविताना या गावांच्या पिण्याच्या व खरिपानंतरच्या एका पिकाच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढावा आणि मगच पुढील तालुक्यांचा वाद ऐकावा.

यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. तिसरीला मात्र सुखवस्तू नदीकाठाचे पाठबळ लागेल, आणि ते मागण्याचा अधिकार आम्हांस जुन्नरचा इतिहास देतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत एक जुने लेणे आहे. तेथील शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्यासोबत पाण्याचे एक टाके दान दिल्याची नोंद आहे. त्या व्यापाऱ्यांचे वाडे गेले, कोठारे गेली, त्यांच्यातील एकाचेही नाव उरले नाही. त्यांनी तहानलेल्यांसाठी खोदलेल्या टाक्याची आठवण तेवढी दोन हजार वर्षे टिकली. मीनाकाठच्या आजच्या धनिकांनीही आपल्या मागे काय उरावे याचा विचार करावा, आणि त्यासाठी प्रथम नदीचे मूळ विचारावे.