कॅमेऱ्याच्या आधी उजेड



कारखान्यात यंत्रमानव आला की पहिला प्रश्न पोटाचा असतो, आणि तो रास्तच आहे. पट्ट्याजवळ उभ्या राहून दिवसभर माल तपासणाऱ्या आपल्या भगिनींच्या जागी आज अनेक ठिकाणी कॅमेरा बसतो आहे. परंतु या कॅमेऱ्याचे एक मर्म आपल्या मुलामुलींनी जाणून घ्यावे. त्याला वस्तू दिसत नाही, वस्तूवरून परतलेला उजेड तेवढा दिसतो. उजेडाची योजना चुकली तर महागडा कॅमेराही आंधळा.

जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी १९७९ साली ‘कॉन्साइट’ ही पद्धत मांडली. चालत्या पट्ट्यावरचे भाग यंत्रमानवाने उचलायचे होते; पण भाग आणि पट्टा यांच्या रंगात फारसा फरक नसे. त्यांनी उजेडाची बारीक रेघ तिरक्या दिशेने पट्ट्यावर आडवी पाडली आणि कॅमेरा वरून त्या रेघेवर रोखला. भाग आला की त्याच्या उंचीमुळे रेघ तेवढ्यापुरती बाजूला सरके आणि कॅमेऱ्याला तिथे काळोख दिसे. तो काळोख म्हणजेच वस्तू! पट्टा सरकेल तशा या नोंदी जुळून आकार तयार होई. मात्र दिवा एकाच बाजूला असला, तर भाग रेघेपाशी पोचण्याआधीच त्याची सावली रेघेवर पडे आणि आकार चुके. म्हणून समोरच्या बाजूने दुसरा दिवा लावून दोन्ही रेघा एकाच जागी जुळवल्या.

आजचे एलईडी दिवेही अशाच विचाराने लावतात. भोक किंवा कडा मोजायची असेल तर दिवा वस्तूच्या मागे. गुळगुळीत पत्र्यावरचा ओरखडा शोधायचा तर दिवा कडेला, अगदी खाली. पत्रा काळा दिसतो आणि ओरखडा चमकतो. पांढऱ्या कागदावरची लाल छपाई लाल उजेडात पुसट होते, हिरव्या उजेडात काळी उठते. खिडकीतले ऊन दिवसभर बदलते, म्हणून आडोसा हवा. चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

रात्री घरातला दिवा मालवून स्टीलच्या ताटावर बॅटरीचा उजेड आधी वरून, मग कडेने पाडून पाहा. मुलांना सारे कळेल.

माल तपासणारी भगिनी तरी वेगळे काय करते? ती वस्तू उजेडाकडे तिरकी धरते, फिरवते, आणि दोष पकडते. दिवा कुठे लावावा हे ठरवताना तिचा अनुभव मोलाचा आहे. म्हणून कॅमेरा येतो तेव्हा कामगार संघटनेने मागणी करावी, की तपासणीच्या कामगारांनाच त्याचे शिक्षण द्या, त्यांना बाहेर काढू नका.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात म्हटले होते, की आपल्या समाजाला विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा खरा उपयोग होईल. आय.टी.आय.त इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही विद्याही हस्तगत करावी. यंत्राला उजेड दाखवणारा हात आपलाही असला पाहिजे.