काळीत गेलेली पांढरी

मंडळी, पेरू देशातल्या नाझ्काच्या रेघा आता घरोघरी मोबाईलवर पोचल्या आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी वाळवंटातले काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आणि माकड, कोळी, पक्षी असे अवाढव्य आकार काढले. २०२४ साली जपानच्या यामागाता विद्यापीठाने संगणकाच्या मदतीने आणखी ३०३ आकृत्या शोधल्याचं जाहीर केलं. कौतुक आहेच. पण घरात कुणी "आपल्याकडे असं काही नाही बुवा" म्हटलं, की माझ्यातला मास्तर जागा होतो.

आहे की! आपल्या तापीच्या खोऱ्यातच आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथे शेती-गुरं करणारी माणसं राहत होती. लेखन नव्हतं, म्हणून त्यांचं नावही उरलं नाही. तापीकाठच्या एका गावावरून अभ्यासक त्यांना सावळदा संस्कृतीचे लोक म्हणतात. मडक्यांवर ते प्राणी, झाडं, बाणाची टोकं, मासे धरायचे गळ रंगवत. धुळे जिल्ह्यातल्या कवठे इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली त्यांची घरं सापडली. गिरणेकाठचं बहाळ आणि तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे इथेही १९५० नंतरच्या दशकात ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या उजेडात आल्या.

मग नाझ्का जगाला दिसतं आणि हे आपल्यालाच का दिसत नाही? "आपल्या लोकांना कदरच नाही" हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. तिकडेही हमरस्ता नेताना एका सरड्याच्या आकृतीचे दोन तुकडे केलेच होते. खरं कारण जमिनीत आहे. नाझ्काच्या पठारावर पाऊस नाही, पीक नाही. ती माती कुणाला नकोच होती. कोकणातली कातळशिल्पंही उजाड सड्यावर होती म्हणून वाचली. आपली पांढरी मात्र कामाची! पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं मुरलेली ती माती शेताला खत, धाब्याला थर. पूर्वी बैलगाडीने जायची, आता जेसीबी लावला की टेकाड आठवड्यात सपाट. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. पोटापाण्यासाठी पांढरीतलं काळीत नेतो बिचारा. पण त्याबरोबर चार हजार वर्षं ट्रॉलीत भरली जातात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सांगायचं काम कुणाचं? आम्हा शिक्षकांचंच.

नाझ्काच्या रेघा जपायला मारिया राइखे ही जर्मन बाई उभी राहिली. मूळची गणिताची शिक्षिका. हातात झाडू घेऊन तिने रेघा साफ केल्या, १९९८ साली वारली तोवर तेच वेड. आपल्याला तेवढं वेड नको. जुन्या टेकाडाचा एक कोपरा तरी न खणता राखायचा, असा ठराव ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे? संग्रहालयाची वाट पाहत बसलो तर तोवर टेकाडच उरायचं नाही.

गिरणेकाठच्या पाहुण्यांना खास विनंती. रंगीत खापर दिसलं तर घरी आणून शोकेसमध्ये ठेवू नका. तिथेच असू द्या, फोटो काढा, गाव आणि गट नंबर लिहून ठेवा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. मलाही पाठवा.